सुरतेच्या कसबाचे ऋण

मुंबईच्या नौदल गोदीचा इतिहास तिच्या दगडी धक्क्यांपासून सुरू करण्याची जी प्रथा पडली आहे, ती कडोदऱ्यास राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला अन्यायाची वाटते. कारण ज्या कसबावर ती गोदी उभी राहिली, ते कसब येथून हाकेच्या अंतरावर, तापीकाठच्या सुरतेत, जोपासले गेले होते. इंग्रज कंपनीची लढाऊ गलबते १६१२ मध्ये सुरतेजवळच्या सुवाळीच्या किनाऱ्यास लागली आणि आपले नौदलही स्वतःच्या इतिहासाचा आरंभ त्याच वर्षापासून मोजते. मोगल पातशाहीच्या या प्रमुख बंदरातून मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे सुटत, आणि अशा बंदराला जहाजे बांधणारे व दुरुस्त करणारे सुतार लागत.

सुरतेच्या गोदीत मिस्तरी असलेले लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी गृहस्थ १७३६ च्या सुमारास आपले काही सुतार बरोबर घेऊन कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईस गेले, आणि तेथे १७५० मध्ये, भरती-ओहोटीतील पाण्याच्या फरकाचा उपयोग करून घेणारी, आशियातील पहिली म्हणून नावाजलेली कोरडी गोदी तयार झाली. त्यांच्या घराण्याने पुढे जे बांधले ते थोर होते: १८१० चे ‘मिंडेन’, १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’, ज्यावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, १८२४ चे ‘एशिया’, जे तीनच वर्षांनी नवारिनोच्या समरात सेनापतीचे जहाज झाले, आणि १८१७ चे ‘त्रिंकोमाली’, जे इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. ओकमधील आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते, सागवानातील तेल मात्र त्यांना जपते. विलायतेच्या आरमारखात्याने हिंदुस्थानी जहाजांना मान दिला तो या लाकडामुळे, आणि ते पारखणाऱ्या हातांमुळे.

मराठी वाचकाला सुरत म्हटली की शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या आठवतात, आणि आरमार म्हटले की कान्होजी आंग्रे व विजयदुर्ग. ते अभिमानाचेच आहे. परंतु खानदेशातून येऊन येथील यंत्रमागांवर आणि छपाईच्या कारखान्यांत आयुष्य वेचणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांच्या मुलांनी हेही शिकावे की, पोटासाठी शहर सोडून जाणारा कारागीर आपली विद्या बरोबर नेतो, आणि ज्या शहराने त्याला जाऊ दिले त्याच्या हाती केवळ रिकामा काठ उरतो. तापीचे पात्र गाळाने उथळ झाले, राजकीय धामधुमीत व्यापार मुंबईकडे वळला, ही कारणे खरी आहेत. तरी त्या सुतारांची कदर कमी झाली नसती तर एवढे मोठे कसब इतक्या सहज हातचे जाते ना, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरत महानगरपालिकेने तापीकाठचा जुना किल्ला दुरुस्त करून तेथे संग्रहालय केले आहे. त्यात जहाजबांधणीचे स्वतंत्र दालन असावे. ‘त्रिंकोमाली’ची प्रतिकृती, सागवानी बांधणीचा उभा छेद, रंधे, किकरी आणि करवती तेथे ठेवाव्यात, मुंबईच्या नौदल गोदीने आपल्या दफ्तरातील नकाशांच्या नकला द्याव्यात, आणि भिंतीवर वाडियांच्या नावाखाली त्या अनाम सुतारांचा उल्लेख गुजराती, मराठी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत कोरला जावा.