‘कॅरेक्टरमध्ये बोल ना!’

हे वाक्य रोलप्लेइंग गेमच्या टेबलावर बंद झालं पाहिजे. मी पुण्यात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे खेळ चालवतो. म्हणजे डीएम असतो: गोष्ट मी मांडतो, बाकीचे चार-पाच जण त्यातलं एकेक पात्र घेतात, काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. नव्या खेळाडूला नियमांची भीती नसते, ते दोन-तीन बैठकांत अंगवळणी पडतात. भीती वाटते ती वेशीवरचा पहारेकरी ‘कोण तुम्ही?’ असं विचारतो तेव्हा. सगळे आपल्याकडे बघतायत आणि आता आपण एल्फ म्हणून तोंड उघडायचंय.

मग ती हळूच म्हणते, ‘मी त्याला सांगते की आम्ही व्यापारी आहोत.’ लगेच कुणीतरी मुरलेला गडी ओरडतो, ‘असं नाही, कॅरेक्टरमध्ये बोल ना!’ पुढच्या शनिवारी ग्रुपवर तिचा मेसेज येतो, ‘सॉरी, ऑफिसचं काम आहे.’ त्याच्या पुढच्या शनिवारी मेसेजही येत नाही. अशी माणसं गेलेली मी पाहिली आहेत, आणि ती कंटाळून गेलेली नव्हती.

मुळात ही मागणीच अन्यायाची आहे. ज्याचा बार्बेरियन दार फोडतो त्याला आपण उठून फ्लॅटचं दार फोडून दाखवायला सांगत नाही. ज्याच्या पात्राचा करिश्मा अठरा आहे, त्याने मात्र स्वतःच्या तोंडाने राजाला पटवून दाखवायचं? मग फासा कशाला आणलाय? २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्येच दोन रीती दिल्या आहेत: पात्र काय बोलतं, करतं याचं वर्णन करायचं, किंवा थेट पात्राच्या तोंडून बोलायचं. दोन्ही रोलप्लेच. पण पुस्तक वाचतंय कोण! आपण बघतो ‘क्रिटिकल रोल’. २०१५ पासून चाललेला तो कार्यक्रम मलाही आवडतो, पण त्यातली मंडळी व्यवसायाने व्हॉइस अ‍ॅक्टर आहेत. आवाज बदलणं ही त्यांची रोजीरोटी आहे. आपल्याकडे येते ती दिवसभर एक्सेल भरून आलेली मुलगी.

‘मग सगळेच “मी सांगतो की” करत बसले तर मजा काय?’ हा आक्षेप मला मान्य आहे. समोरासमोरच्या संवादाची झिंग वेगळीच. पण ती हुकूम सोडून येत नाही. कोकणातला दशावतार बघा. लिहिलेली संहिता नाही, संवाद रंगमंचावरच जुळतात. पण नटाला आख्यान माहीत असतं, समोरच्याकडून आपल्याला काय हवंय ते पक्कं ठाऊक असतं. नवख्या खेळाडूला आपण यातलं काहीच देत नाही आणि वर म्हणतो, बोल!

तेव्हा काम डीएमचं आहे. ती ‘मी सांगते की आम्ही व्यापारी आहोत’ म्हणाली ना? ते पुरेसं आहे. आता पहारेकऱ्याने थेट विचारावं, ‘व्यापारी? मग माल कुठाय?’ प्रश्न छोटा, उत्तरही छोटं. ‘गाडी मागे राहिली.’ झालं, ती एल्फ म्हणून बोलली, तिच्या लक्षातही आलं नाही. इथे टाळ्या वाजवू नका. कौतुकाने सगळ्यांनी एकदम वळून बघणं हाही छळच असतो. आणि खेळाआधी तिला एवढं विचारून ठेवा, की तुझ्या पात्राला या गावातून काय हवंय आणि ते कुठली गोष्ट मेलं तरी सांगणार नाही?

माझा खरा राग मात्र भाषेवर आहे. आपल्या टेबलांवर समोसे, भांडणं, फाशाला शिव्या, सगळं मराठीत चालतं. पात्र बोलायला लागलं की एकदम इंग्रजी, तेही कुठल्याशा सिनेमातल्या सरदाराचं. जिला मुळात बोलायचाच संकोच, तिच्यावर ही दुसरी परीक्षा. उलट मराठीत निम्मं काम व्याकरणच करतं. ‘ए, दार उघड’, ‘दादा, जरा दार उघडता का?’ आणि ‘आपण दार उघडावं’ ही तीन वेगळी पात्रं आहेत, आवाज न बदलता. इंग्रजीतल्या ‘यू’ला हे जमत नाही. आमच्याकडे एक जण दोन महिने गप्प होती. एकदा खानावळवाल्याने मराठीत विचारलं, ‘जेवणार का बाई?’ तिची ड्वार्फ म्हणाली, ‘जेवू, पण आधी भाव सांगा.’ तेव्हापासून ती दिसेल त्याच्याशी घासाघीस करते. ‘फायरबॉलला मराठीत काय म्हणायचं?’ असं विचारणारे असतातच. फायरबॉलच म्हणा की!

आणि कुणाला शेवटपर्यंत ‘तो म्हणतो’ असंच खेळायचं असेल तर खेळू द्या. आमच्यातल्या एकाने चार वर्षांत पात्राच्या तोंडून एक वाक्य उच्चारलेलं नाही. त्याचा चोर परवा ड्रॅगनला भेटला. ‘तो सांगतो की मी महसूल खात्यातून आलोय, आणि या गुहेचा सातबारा तुमच्या नावावर नाही.’ ड्रॅगनच्या आवाजात उत्तर द्यायचं होतं मला. हसू आवरेना, शेवटी मीही म्हणालो, ‘तो घाबरतो.’