सही करण्याआधी उत्तरपत्रिका उघडा

अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीचे गुण लागले की कनिष्ठ महाविद्यालयांच्या कार्यालयात एक अर्ज हटकून येऊ लागतो. 'गणित विषय सोडून दुसरा विषय घेण्याची परवानगी मिळावी.' खाली विद्यार्थ्याची सही, पालकांची सही, आणि विषयशिक्षकासाठी सोडलेली रिकामी जागा. गर्दीच्या दिवसांत ती जागा आपण उभ्या-उभ्या भरून टाकतो. सोळा वर्षांच्या मुलाला पुढे कुठे प्रवेश मिळू शकेल आणि कुठे अर्जही करता येणार नाही, हे त्या सहीने ठरत असते. म्हणून गणिताच्या शिक्षकांशी आज याच विषयावर बोलायचे आहे.

गणित सोडणे हा गुन्हा नाही, हे आधी स्पष्ट करू. डॉक्टर व्हायचे पक्के ठरवलेल्या मुलीला नीटमध्ये गणित नाही. ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. बी.फार्म.ला गणित किंवा जीवशास्त्र, कोणताही एक विषय चालतो. अशा मुलांनी 'असू दे, कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून दोन वर्षे चारही विषय ओढत न्यावेत, हा आग्रह त्यांच्यावर अन्याय करतो. अर्ज विचार करून आलेला असेल तर तो बिनशर्त मंजूर करावा. घरून विरोध असेल तर पालकांना बोलावून समजावण्याची जबाबदारीही आपण घ्यावी.

मात्र बरेचसे अर्ज भीतीपोटी येतात. दहावीला नव्वदच्या घरात गुण मिळवलेल्या मुलाला अकरावीत पंचवीसपैकी सहा पडतात आणि 'आपल्याला गणित जमत नाही' असा निकाल तो स्वतःच लावून टाकतो. गेल्या वर्षी अशाच एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका आम्ही तिच्याबरोबर बसून ओळीओळीने वाचली. सूत्रे बरोबर, मांडणी बरोबर, पहिल्या दोन पायऱ्याही बरोबर. चूक पुढे होती. (क्ष + ३) चा वर्ग करताना मधले ६क्ष गायब. कंसाआधी उणे चिन्ह, पण कंस सोडवताना आतली चिन्हे तशीच. वर्गमुळाखालची बेरीज सुटी करून दोन वेगळी वर्गमुळे. वर्तुळाचे समीकरण तिला कळले होते. कच्चे राहिले होते ते आठवी-नववीचे बीजगणित. तिला विषय बदलून देण्याची गरज नव्हती. काही आठवडे नेमाने उजळणी करून घेणारे कोणीतरी तिला हवे होते.

दुसऱ्या एखाद्या मुलाची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी असते. त्याला विचारले तर कळते, की पहाटे घर सोडायचे, कॉलेज, मग क्लास, रात्री नऊला परत. त्याला गणित जड जात नाही, त्याला गणिताला वेळच मिळत नाही. तिथे विषयाऐवजी दिनक्रमाला कात्री लावायला हवी. गुणपत्रकावर ही दोन्ही मुले सारखीच दिसतात. फरक उत्तरपत्रिकेत दिसतो, आणि तो ओळखण्याची नजर कारकुनाकडे किंवा क्लासच्या समुपदेशकाकडे नसते. ती आपल्याकडे असते.

गणित सोडल्याने काय काय बंद होते, हे मुलांना नेमके माहीत नसते. अभियांत्रिकी आणि आर्किटेक्चर तर आहेच. एनडीएत लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. शिवाय लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची संख्याशास्त्राची पदवी, दिल्ली विद्यापीठातले अर्थशास्त्र ऑनर्स, इथेही बारावीचे गणित मागतात. २०२१ मध्ये एआयसीटीईच्या नियमपुस्तिकेवरून 'आता इंजिनिअरिंगला गणित नको' अशा बातम्या पसरल्या आणि परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल सहस्रबुद्धे यांना खुलासा करावा लागला. तसल्या अर्धवट बातमीच्या भरवशावर कोणी अर्ज करत असेल, तर त्याला वेळीच सावध करायला हवे.

निर्णय चुकला तर परतीची वाट असते, हेही मुलांना सांगावे. राज्य मंडळाच्या परीक्षेला तुरळक विषय घेऊन नंतर बसता येते. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांना नीटसाठी पात्र धरण्याचा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. पण अशा वाटेने परत यायला बहुधा एक वर्ष खर्ची पडते, आणि सगळ्याच घरांना ते वर्ष परवडत नाही.

आता एक कटू गोष्ट. काही ठिकाणी अर्ज मुलाच्या मनात येण्याआधी आपल्याच बाजूने सुचवला जातो. कच्ची मुले गणितातून कमी केली की विषयाचा निकाल शंभर टक्क्यांवर जातो, फलकावर आकडा झळकतो आणि व्यवस्थापन खूश होते. निकालाचा दबाव किती असतो याची आम्हाला जाणीव आहे. तरीही आकडा राखण्यासाठी मुलाला विषय सोडायला लावणे आपल्या पेशाला शोभत नाही. बारावीच्या गणितात ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. लॉजिक, मॅट्रिसेस, लिनिअर प्रोग्रॅमिंग यांसारखी प्रकरणे अकरावीत अडखळलेल्या मुलालाही मेहनतीने जमतात. अशा मुलाने साठ गुण मिळवले तर त्यात शिक्षकाचे खरे यश आहे.

म्हणून गणिताच्या प्रत्येक विभागाने चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. एका घटक चाचणीवरून विषय सोडू देऊ नये. प्रथम सत्र परीक्षेपर्यंत थांबावे. सही करण्याआधी विद्यार्थ्याबरोबर उत्तरपत्रिका घेऊन अर्धा तास बसावे. या विषयाअभावी कोणते अभ्यासक्रम बंद होतील, ते अर्जाच्या मागे लिहून पालकांना वाचून दाखवावे. आणि अकरावीच्या वेळापत्रकात आठवी ते दहावीच्या बीजगणिताच्या उजळणीला आठवड्याचे दोन तास द्यावेत. बारावीत मंडळाचे अर्ज भरण्याची वेळ जवळ आल्यावर बदलाचा विचारच नको. तो निर्णय अकरावी संपेपर्यंत झालेला असावा.

यासाठी वेगळा निधी लागत नाही आणि शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. एवढे करूनही विद्यार्थी म्हणाला, 'सर, मला खरोखर दुसरीकडेच जायचे आहे,' तर आनंदाने सही करा. त्याने विषय समजून-उमजून सोडला, याची मग आपल्यालाही खात्री असेल.