सत्तेचे सूक्ष्मदर्शन आणि शहाद्याचा सालदार

मिशेल फूको, देरिदा, दलूझ ही नावे मराठी चर्चासत्रांतून आता इतक्या सहजपणे उच्चारली जातात की, त्यांचा अर्थ सर्वांना कळलाच आहे असे वाटावे. समाजवादी कार्यकर्त्यांत मात्र या विचाराबद्दल दोनच प्रतिक्रिया आढळतात. कोणी म्हणतो, हा सारा विद्यापीठातील शब्दच्छल आहे. शेतमजुराच्या पोटाशी त्याचा काय संबंध? दुसरा, बहुधा तरुण आणि अलीकडेच पुस्तके वाचलेला, म्हणतो की वर्ग, मालकी, राज्यसंस्था ही भाषाच आता शिळी झाली. सत्ता सर्वत्र आहे, म्हणून लढा कुठेही द्यावा. दोन्ही प्रतिक्रियांमागे विचाराचा आळस आहे. तत्त्वज्ञान पारखायचे तर ते मातीवर घासून पाहावे लागते, आणि त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याइतकी योग्य माती महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

फूको यांचे म्हणणे थोडक्यात असे. सत्ता केवळ सिंहासनावर वा मंत्रालयात बसलेली नसते. ती तुरुंगात, बराकीत, शाळेत, इस्पितळात, हजेरीपटात आणि तपासणीच्या नोंदीत वावरते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या तुरुंगावरील ग्रंथात त्यांनी बेंथॅमच्या आदर्श कारागृहाचा आराखडा पुढे ठेवला. मधल्या मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही हे कैद्याला दिसत नाही, म्हणून तो स्वतःच स्वतःवर पहारा करू लागतो. ज्ञान आणि सत्ता एकमेकांना जन्म देतात. माणसाची नोंद करणारा त्या माणसाला घडवतही असतो. हे केवळ ग्रंथातले बोलणे नव्हते. १९७१ साली फूको यांनी सहकाऱ्यांसह फ्रान्समधील कैद्यांची स्थिती कैद्यांच्याच तोंडून बाहेर आणणारा गट स्थापन केला होता.

आता शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरकडे वळावे. ही सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची वसाहत. सहकारी कारखाना म्हणजे कोणाचा सहकार, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न. राज्यभरच्या कारखान्यांत सभासद होतो तो ऊस पिकवणारा जमीनधारक. ऊस तोडणारा सभासद होत नाही. त्याचे नाव भागधारकांच्या यादीत नसते, मुकादमाच्या वहीत असते, आणि तेही घेतलेल्या उचलीसमोर. मजुरी टनावर ठरते आणि टन ठरवतो वजनकाटा. काट्याची चिठ्ठी वाचणारे वेगळे, घाम गाळणारे वेगळे. त्याहून विलक्षण आहे हिशेबाचे एकक. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. उचल पुरुष घेतो, फेडतात दोघे. बाई वहीत दिसतच नाही. तिच्यावर कोणी हात उगारलेला नाही, कोणी हुकूमही काढलेला नाही. मोजण्याच्या रीतीनेच तिला नाहीसे केले आहे. फूको वाचून कार्यकर्त्याची नजर अशा जागी थांबणार असेल, तर ते वाचन वाया गेले असे म्हणता येणार नाही.

परंतु ही नजर पॅरिसहून आयात करावी लागते असे समजण्याचे कारण नाही. १८५२ साली खानदेशात सावदा, फैजपूर, एरंडोल भागातील शेतकरी उठले ते जमीनमोजणीविरुद्ध. साखळी घेऊन शेतात उतरलेला मोजणीदार हा येणाऱ्या साऱ्याचा अग्रदूत आहे, हे त्यांनी कोणताही ग्रंथ न वाचता ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात कुलकर्ण्याच्या लेखणीपासून कचेरीतील कारकुनापर्यंत ज्ञानाच्या मक्तेदारीचा हिशेब मांडलेला आहे. आणि धुळ्याच्या शरद पाटलांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला तो, वर्गाच्या एकाच मापाने जातिव्यवस्था मोजता येत नाही, या आग्रहापोटीच.

गुन्हेगारीची गोष्टही अशीच. तुरुंग गुन्हेगार सुधारत नाही, ‘गुन्हेगार’ नावाचा वर्ग तयार करतो, हे फूको यांचे प्रतिपादन. आपल्याकडे तर १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, मनातला शिक्का मात्र पुसला गेला नाही. शहादा भागातील बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या, पहारेकरी नेमले. शेतातली कणसे नेणारा भुकेला भिल्ल चोर ठरला; त्याच भिल्लाला वर्षभर सालदार म्हणून तुटपुंज्या मोबदल्यात राबवणारा प्रतिष्ठित राहिला. कोणत्या कृत्याला चोरी म्हणायचे, हे कोण ठरवतो? या प्रश्नाची धार मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला जाणवली.

त्यानंतर अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्यासोबतच्या तरुणांनी, पुढे श्रमिक संघटनेने, जे उभे केले त्यात सूक्ष्म सत्तेविरुद्धचा लढाही होता. आदिवासी स्त्रियांनी दारूचे गुत्ते फोडले, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारला. त्याआधी, १९३० च्या दशकात, गुलाम महाराजांनी आपल्या अनुयायांना परस्परांना ‘आप’ म्हणायला शिकवले होते. ‘अरे’ ऐकण्याची सवय झालेल्या माणसाच्या दृष्टीने हा शब्द लहान नव्हता.

तथापि चळवळ तेवढ्यावर थांबली नाही, आणि फ्रेंच विचाराची मर्यादा नेमकी इथे उघडी पडते. शहाद्याच्या आदिवासींची मुख्य मागणी होती सावकाराने आणि बड्या शेतकऱ्याने गिळलेली जमीन परत मिळावी, सालदाराचा मोबदला वाढावा, दुष्काळात काम मिळावे. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचे १९७४ चे कायदे आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा हे राज्यसंस्थेकडूनच मिळवावे लागले. सत्ता सर्वत्र पसरलेली आहे हे मान्य केले, तरी ती सर्वत्र सारखी दाट नाही. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्याकडे ती साचते. फूको आणि दलूझ यांनी १९७२ मधील संवादात, विचारवंताने जनतेच्या वतीने बोलण्याची गरज उरली नाही, असे सुचवले होते. श्रमाच्या जागतिक विभागणीचा त्यात विसर पडला आहे, असा आक्षेप गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये घेतला, तो अत्यंत योग्य होता. कोयत्याखालची बाई बोलत नाही असे नाही. तिचे बोलणे ज्या वहीत उतरेल ती वही तिच्या हाती नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातील वृद्धांचे लेखी नोंदवलेले निवेदन पुरावा म्हणून धरले गेले. ज्या जमिनीचा कागद नाही तिच्यासाठी म्हाताऱ्याची आठवण कागदाच्या बरोबरीला आली, ही ज्ञान आणि सत्तेच्या संबंधातली मोठी उलथापालथ होती, आणि ती संघटनांच्या रेट्यातून झाली. तरीही दावे कचेऱ्यांत अडकून राहिले. मार्च २०१८ मध्ये शेतकरी आणि आदिवासींना नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालावे लागले ते त्यासाठीही. उलट दिशेची खेळी १ जानेवारी २०२३ पासून दिसली. रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोनदा मोबाईलवर चढवणे देशभर सक्तीचे झाले. सातपुड्याच्या दऱ्यांत मोबाईलला रेंज मिळाली नाही तर खड्डा खोदलेला असूनही हजेरी पडण्याची खात्री नाही. बेंथॅमचा मनोरा निदान एका जागी उभा होता.

अशा वेळी तालुक्यातल्या कार्यकर्त्याने काय करावे? मुकादमाची वही मागावी. कोयत्याचे दोन भाग करून बाईच्या नावे वेगळी नोंद आणि वेगळी मजुरी मागावी. वजनाची चिठ्ठी मजुरांसमोर वाचली जावी, असा आग्रह धरावा. आणि हे करीत असतानाच, ऊस ज्या जमिनीवर उभा आहे ती कोणाच्या नावावर, आणि कधीपासून, हा प्रश्न तहसील कचेरीत लेखी नेऊन द्यावा व त्याची पोच घ्यावी.