धानाचं तूस विषारी क्रोमियम पकडतं. पण नंतर त्या तुसाचं काय?

भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. राईस मिलमध्ये उरणारं तूस बहुतेकदा भट्टीत जातं. पण हेच तूस सांडपाण्यातलं विषारी क्रोमियमही पकडू शकतं. कसं?

क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यात कर्करोगकारक ‘क्रोमियम-६’ असतं. नदी-नाल्यात सोडताना ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. तुसापासून केलेला कोळसा ते आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. पाणी आम्लधर्मी असेल, तर हे काम अधिक चांगलं होतं.

पण विष नष्ट होत नाही, फक्त जागा बदलतं. वापरलेला कोळसा भट्टीत जाळला, तर क्रोमियम राखेत उरतं. ती राख शेतात गेली, तर विषही शेतात जातं. म्हणून उपाय स्वस्त असला, तरी वापरलेला कोळसा घातक कचरा म्हणूनच हाताळावा लागेल.