साखरेचे दोन आकडे

सकाळी सात वाजता घरच्या ग्लुकोमीटरवर १४८ येतात. साडेसातला लॅबचा माणूस येऊन शिरेतील रक्त घेऊन जातो आणि दुपारी मोबाइलवर आलेल्या अहवालात १३० असतात. जळगाव असो वा धुळे, मधुमेहाचा रुग्ण असलेल्या व्यापारी घरांत हा प्रसंग नित्याचा झाला आहे. बाबूजींच्या मते यंत्र खोटे असते, धाकट्या मुलाच्या मते लॅब खोटी असते, आणि सून मुकाट्याने दुसऱ्या दिवशी तिसऱ्या ठिकाणी रक्त द्यायचे ठरवते. तिसरा आकडा आणखी निराळा येतो. शेवटी पुष्कळदा असे घडते, की तिन्हींपैकी जो आकडा मनाला बरा वाटेल तो खरा मानला जातो आणि त्याच्या भरवशावर गोळी अर्धी केली जाते. काळजी करण्यासारखे आहे ते हे शेवटचे पाऊल. आकड्यांत फरक पडणे त्यामानाने स्वाभाविक आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. इतक्या माणसांच्या औषधाचे प्रमाण ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा कसा तयार होतो हे घरातल्या निदान एकाला तरी ठाऊक असायला हवे.

तराजूशी पिढ्यानपिढ्या संबंध असलेल्या समाजाला ही गोष्ट अवघड जाऊ नये. दाणा बाजारातील काटा आणि सराफ बाजारातील काटा यांच्याकडून सारख्याच अचूकतेची अपेक्षा कोणी धरत नाही. वैधमापनशास्त्र विभागाचा निरीक्षक काट्यावर मुद्रा उमटवतो, तेव्हाही तो काटा निर्दोष आहे असे म्हणत नाही. मान्य मर्यादेच्या आत चुकतो, एवढेच प्रमाणित करतो. ग्लुकोमीटरलाही अशी मर्यादा आहे. २०१३ च्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, साखर १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर यंत्राचा आकडा १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे चालतो, आणि १०० किंवा त्याहून अधिक असेल तर १५ टक्के इकडेतिकडे चालतो. शंभरांतील पंचाण्णव मोजण्या या मर्यादेत बसल्या की यंत्र उत्तीर्ण. म्हणजे खरी साखर १३० असताना १११ पासून १४९ पर्यंत काहीही दिसले, तरी यंत्र आपले काम नीट करत आहे. वरच्या उदाहरणातील १४८ आणि १३० हे दोन्ही आकडे एकाच वेळी प्रामाणिक असू शकतात.

मधुमेह आहे की नाही हे ठरवणे हे सराफाच्या काट्याचे काम. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, या सीमारेषा शिरेतील रक्ताच्या प्रयोगशाळेतील तपासणीसाठी आखलेल्या आहेत. लक्षणे नसतील तर तीही पुन्हा करून खात्री करतात. बोटाला टोचून आलेल्या १२९ वर कोणाला मधुमेही ठरवू नये आणि १२२ वर कोणाला मोकळेही सोडू नये. एकदा निदान झाल्यावर आज काय चालले आहे, काल लग्नात जेवल्याने काय झाले, हे पाहायला मात्र घरचा काटा उत्तम. जुन्या पिढीतील काहींना बेनेडिक्टच्या निळ्या द्रवात लघवी उकळून तिचा रंग विटकरी होतो का ते पाहण्याचे दिवस आठवत असतील. रक्तासाठीची पहिली पट्टी १९६५ च्या सुमारास परदेशात आली आणि तिचा रंग वाचणारे पहिले यंत्र १९७० च्या सुमारास. ते किलोभराहून जड होते. आज तळहातावर मावणाऱ्या यंत्राला नावे ठेवताना एवढे लक्षात असावे.

फरकाचे पहिले कारण म्हणजे दोन्ही ठिकाणचे रक्त एक नसते. बोटातले रक्त केशवाहिन्यांतले, तर लॅबचे शिरेतले. उपाशीपोटी या दोहोंतील साखर जवळपास सारखी असते. जेवणानंतर मात्र शिरेतल्या रक्तातील साखर शरीराने वाटेत वापरून झालेली असते, म्हणून बोटातला आकडा काही वेळा २० टक्क्यांपर्यंत अधिक दिसतो. जेवणानंतरच्या आकड्यांची तुलना करून यंत्राला दोष देणारे इथेच फसतात. अंगात रक्त कमी असेल तर पट्टी साखर जास्त दाखवते, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरे कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही आणि खानदेशात ते विशेष महत्त्वाचे आहे. नळीत काढलेले रक्त जिवंत असते. त्यातील पेशी साखर खातच राहतात. साध्या खोलीच्या तापमानाला दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर अशी कमी होते, आणि उष्णता वाढली की हा वेग वाढतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. सकाळी दहा घरे फिरून, रक्ताच्या नळ्या दुचाकीच्या डिकीत ठेवून कोणी तास-दोन तासांनी लॅबमध्ये पोहोचत असेल, तर पहिल्या घरातील बाबूजींची साखर वाटेतच उतरलेली असते. साखरेसाठी करड्या बुचाची नळी वापरतात, तिच्यात सोडियम फ्लोराइड असते, हे खरे. परंतु फ्लोराइडचा परिणाम पूर्णपणे जाणवायला एक-दोन तास लागतात, आणि नेमके त्याच वेळात नुकसान होऊन जाते. उत्तम रीत म्हणजे नमुना लगेच बर्फात ठेवणे आणि अर्ध्या तासात पेशी वेगळ्या करणे. तालुक्याच्या गावाहून शहरात आणि तिथून रात्रीच्या गाडीने मुंबई-पुण्याला जाणाऱ्या नमुन्यांबाबत तर पेशी कुठे आणि केव्हा वेगळ्या केल्या, हे विचारलेच पाहिजे. विचारण्यात संकोच नसावा. मालाची पावती मागताना आपण संकोचत नाही. शक्य असेल तर साखरेच्या तपासणीसाठी लॅबमध्ये स्वतः जाऊन रक्त द्यावे.

तेव्हा लॅबचा आकडा कमी आला म्हणून तो खरा, आणि यंत्राचा अधिक आला म्हणून तो खोटा, असा निवाडा घाईने करता येत नाही.

आता घरच्या चुका. गुळाची किंवा साखरेची पोती हाताळणाऱ्या, दुकानात बसून बोट टोचणाऱ्या माणसाचा आकडा कधी कधी अडीचशेवर जातो; त्यातली काही साखर रक्तातली नसून बोटावरची असते. केळे किंवा आंबा सोलल्यानंतरही हेच होते. स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे पुरेसे नाही. फळे सोलून केलेल्या एका जपानी अभ्यासात बोट स्पिरिटने वारंवार पुसूनही आकडा फुगलेलाच राहिला, पाण्याने धुतल्यावर तो जागेवर आला. म्हणून साबणाने हात धुवावेत, पूर्ण कोरडे करावेत आणि मगच टोचावे. थेंब येत नाही म्हणून बोट जोराने पिळू नये.

पट्ट्यांची डबी हा आणखी एक विषय. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवण्यासाठी बनवलेल्या असतात. गल्ल्याशेजारी, पत्र्याच्या छपराखाली, गाडीच्या डॅशबोर्डवर त्या वैशाखात किती दिवस तग धरतील याचा विचार करावा. पट्टीवर एक विकर असते, ते उष्णतेने आणि दमटपणाने निकामी होत जाते. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी. पुष्कळ कंपन्या उघडल्यापासून तीन महिन्यांची मुदत देतात, छापील मुदत लांबची असली तरी. महाग वस्तू वाया जाऊ नये म्हणून मुदत संपलेली पट्टी वापरणे ही काटकसर अंगाशी येणारी आहे.

दोन्ही आकड्यांना कंटाळून हल्ली पुष्कळजण तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी चाचणीवर विसंबतात. ती चांगली आहे; तिला उपाशी राहावे लागत नाही आणि नमुना वाटेत तितका बिघडत नाही. पण ती रक्तातील हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर मोजते, त्यामुळे हिमोग्लोबिनच बिघडलेले असेल तर तीही बिघडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकविशीतील तरुणांमध्ये या चाचणीने मधुमेहपूर्व अवस्था ग्लुकोजच्या चाचणीपेक्षा कितीतरी अधिक जणांत दाखवली, आणि त्याचे एक कारण लोहाची कमतरता निघाले. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही हा आकडा खोटाच वर जाऊ शकतो. शाकाहारी घरांत ब-१२ आधीच बेताचे, त्यात मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने ते आणखी घटते. एचबीएवनसी ७.८ आणि रोजचे आकडे १२०-१४० अशी विसंगती दिसली, तर गोळी वाढवण्यापूर्वी हिमोग्लोबिन, लोह आणि ब-१२ तपासावे, असे डॉक्टरांना सुचवण्यास हरकत नाही. सातपुड्याच्या पट्ट्यातून आलेले जे सहकारी दुकानांत आणि घरांत काम करतात, त्यांच्यापैकी काहींत सिकलसेलचा दोष असतो. त्यांची एचबीएवनसी भलतीच येऊ शकते. आपल्या माणसांच्या तपासण्या करून देणाऱ्या मालकांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

सर्वांत जपायची जागा मात्र खालच्या टोकाला आहे. पर्युषणात उपवास, एकासना किंवा अठाई करणारे मधुमेही प्रत्येक संघात असतात. चौविहारामुळे सायंकाळचे जेवण सूर्यास्ताआधीच आटोपलेले असते, आणि सकाळी नवकारशीपर्यंत पाणीही नसते. अशा वेळी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि यंत्रावर ७५ दिसले, तर घरातले म्हणतात, "७० च्या वर आहे, ठीक आहे." पंधरा मिलिग्रॅमची मान्य मर्यादा इथे आठवावी. ते ७५ प्रत्यक्षात ६० असू शकतात. घाम, हात थरथरणे, एकाएकी भूक, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसले तर आकड्याशी वाद घालू नये. साखर किंवा ग्लुकोज द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे. तपश्चर्येआधी औषधांचे प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्यावे. उपवासात बोट टोचण्याविषयी, आणि साखर उतरली तर पच्चक्खाणाचे काय, याविषयी ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी गुरुमहाराजांना आधीच विचारून ठेवावे; पहाटे घाम फुटल्यावर तो प्रश्न काढण्यात अर्थ नाही.

काट्याचे मुद्रांकन मुदतीने होते, ग्लुकोमीटरचे ते घरच्यांनाच करावे लागते. तीन-चार महिन्यांतून एकदा यंत्र आणि पट्ट्यांची डबी घेऊन उपाशीपोटी लॅबमध्ये जावे. लॅब निवडताना एनएबीएलची मान्यता आहे का, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमार्फत चालणाऱ्या बाह्य गुणवत्ता तपासणीसारख्या योजनेत ती भाग घेते का, हे विचारावे. हात धुऊन, शिरेतून रक्त दिल्यावर पाच मिनिटांच्या आत तिथेच बोट टोचावे, आणि नमुन्यावर लगेच प्रक्रिया करण्याची विनंती करावी. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत. फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर यंत्र चालू द्यावे. बाहेर गेला तर आधी नवी डबी उघडून पुन्हा पाहावे. बऱ्याच वेळा दोष पट्टीत निघतो. दुसऱ्यांदाही तेच झाले, तर यंत्र बदलावे.