कराटे भारी की कुंग फू?

वर्गाच्या मधल्या सुट्टीत हा वाद ठरलेलाच. मागच्या रविवारी तर दोन जिवलग मित्र भांडून वेगवेगळ्या बाकांवर बसले! म्हणून आम्ही मोठ्या गटाने आमचं मत लिहायचं ठरवलं.

आम्हांला हे भांडणच चुकीचं वाटतं. कराटे वाढलं ओकिनावा बेटावर. तिथले कानर्यो हिगाओन्ना एकोणिसाव्या शतकात चीनमधल्या फूचौ शहरात जाऊन शिकून आले. त्यांचे शिष्य चोजुन मियागी यांनी आपल्या शैलीला 'गोजू', म्हणजे 'कठोर-मृदू', असं नाव दिलं. खुद्द 'कराटे' हा शब्दही पूर्वी 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. १९३६ साली नाहा शहरातल्या बैठकीत तिथल्या गुरूंनी 'रिकामा हात' ही अक्षरं पसंत केली. उच्चार मात्र तोच राहिला!

फरक आहेतच. शोतोकान कराटेत लांब पाऊल टाकून दुरून ठोसा येतो. विंग चुनवाले अगदी जवळून, हाताला हात चिकटवून लढतात. पण कराटेच्या नियमांनी विंग चुनवाल्याला हरवून काय सिद्ध होणार? क्रिकेटवाल्याला बेसबॉलमध्ये बाद केल्यासारखंच ते. आणि ब्रूस लीचं नाव सारखं मध्ये आणणाऱ्यांनो, त्याने इप मानकडे विंग चुन शिकल्यावर बॉक्सिंग आणि तलवारबाजीतूनही बरंच उचललं होतं.

आईबाबांनो, तुम्हांलाही एक विनंती. शेजारचा मुलगा कराटेला जातो म्हणून आमचा क्लास बदलू नका. आधी एकदा येऊन आमचे सर कसं शिकवतात ते बघा.