खोट्या हाकेचा गुन्हा

परवा भिलाईतील आमच्या वैशाली नगरच्या घराच्या गच्चीवर शेजारच्या एका हौशी छायाचित्रकार तरुणाने खिशातून मोबाइल काढून मीलनकाळातील नर चितळाची ध्वनिमुद्रित साद मला मोठ्या कौतुकाने ऐकविली; आणि जंगलात हाच आवाज लावला म्हणजे तेथला नर झुडपे तुडवीत कसा थेट सामोरा येतो, याचे वर्णन करताना त्याच्या मुद्रेवर संकोचाची पुसटशीही रेषा उमटली नाही. हाती बंदूक नाही, तेव्हा आपण शिकारी नव्हे, ही त्याची प्रामाणिक समजूत. ती मला मान्य नाही.

आवाजाने हरणास भुलविण्याची विद्या जगभर आहे. जर्मनीत जुलै-ऑगस्टच्या सुमारास रो जातीच्या लहान हरणांचा मीलनकाळ आला की बीच वृक्षाचे पान ओठांशी धरून शिकारी मादीची बारीक किंकाळी काढतो. अमेरिकेत आत पातळ पट्टी बसविलेल्या नळीत फुंकून नराचा घोगरा हुंकार उठवितात, किंवा दोन शिंगे एकमेकांवर आपटून झुंजीचा भास निर्माण करतात. तेथे शिकारीचा हंगाम आणि परवाना सरकारदप्तरी नमूद असतो, एवढा तरी बंदोबस्त आहे.

आपल्याकडे भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरूंत हरणाची गणना केली, ती पारध्याच्या गाण्याला भुलून ते बांधले जाते म्हणून. आणि काशीस 1573 साली पूर्ण झालेल्या एकनाथी भागवतामुळे हे हरीण मराठी श्रोत्यांच्याही ओळखीचे झाले. विरक्ताने गीताच्या मोहापासून सावध राहावे, हा बोध यथार्थच. परंतु या दृष्टांतात दोष सारा ऐकणाऱ्याच्या माथी आणि गाणारा पारधी मात्र नामानिराळा, हे मला नेहमी खटकत आले आहे. रामायणात हरणाचे रूप घेऊन आलेला मारीच मरताना रामाच्या आवाजात लक्ष्मणाला हाक मारतो, तेव्हा मात्र त्या हाकेला आपण एकमुखाने कपट म्हणतो. फसविला गेलेला माणूस होता म्हणून की काय, कोण जाणे.

जंगलातील आवाज ओळखणे ही थोर विद्या आहे. सांबराच्या वा वानराच्या इशाऱ्यावरून वाघाची चाल सांगणाऱ्या वाटाड्यापुढे मी नतमस्तक होतो. खोटी साद काढणे म्हणजे त्याच लिपीत बनावट दस्तऐवज लिहिणे होय. जुन्या शिकारीतील हाकारा क्रूर खरा, पण त्या गदारोळात शत्रू आला हे जनावरास कळे आणि ते जीव घेऊन पळे. येथे पाडसाच्या खोट्या आक्रोशावर आई धावत येते, आणि काल्पनिक प्रतिस्पर्ध्यासाठी नर आपला कळप सोडून येतो. मध्य भारतात चितळांचा मीलनकाळ ऐन उन्हाळ्यात शिगेला पोहोचतो, पाणवठे आटलेले असतात, आणि अशा दिवसांत त्याला व्यर्थ धावविण्याची किंमत छायाचित्रात दिसत नाही.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत फासे, सापळे, हाकून नेणे, आमिष दाखविणे आणि या सर्वांचा प्रयत्नही अंतर्भूत केला. 1991 च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीच्या परवान्यांची वाटच बंद झाली. आवाज हेही आमिषच, असे माझे मत. पण छायाचित्रकार 'मला कोठे पकडायचे होते?' असे विचारून निसटेल, म्हणून कलम 27 मधील अभयारण्यातील प्राण्यांना छेडण्याची मनाई येथे अधिक उपयोगी आहे. ध्वनिमुद्रित साद वाजविणे ही छेडच होय, हे वनखात्याने प्रत्येक अभयारण्याच्या फाटकावर, हिंदीत आणि छत्तीसगढीत, ठळक अक्षरांत लिहावे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकास तोंडी बजावावे.

हे सारे मी त्या तरुणाला सांगितले. त्याने आदराने ऐकून घेतले, 'काका, तुमचं बरोबर आहे' असेही म्हटले, आणि मोबाइल खिशात ठेवला. मे महिन्यात तो बारनवापारा अभयारण्यात जाणार आहे. ती साद त्याने अद्याप पुसलेली नाही.